छत्रीचोराचे पहारेकरी

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं बायकांच्या तुरुंगात नोकरीला होत्या. साध्या शिपाई म्हणून लागल्या आणि वरिष्ठ तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. आणि त्यांची सून, म्हणजे मी, घरी बसून तुरुंगातून पळून जायचा गेम बनवत होते. दोन वर्षं हे दोन्ही उद्योग एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर होते. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आमचा गेमचा कारखाना म्हणजे तीनच माणसं. मी कोडी रचते. कुठली वस्तू कुठे ठेवली म्हणजे खेळणारा किती वेळ डोकं खाजवेल, हे ठरवायचं माझं काम. चित्रं काढणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान. ती सही म्हणून नुसता एक ठिपका देते, म्हणून तिचं नावच ठिपका पडलं. तिसरे सर. ते आधी तंत्रनिकेतनात शिकवायचे. कोड लिहितात आणि दिवसाला मोजकी दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार 'हो' असतात.

आमचा नायक छत्रीचोर. गोल पोटाचा, भित्रा, पण मनाने चांगला माणूस. कचेरीतून घरी निघताना घाईत दुसऱ्याच कुणाची तरी छत्री उचलतो, ती नेमकी न्यायाधीशांची निघते, आणि बिचारा गजाआड जातो. तिथून तीस खोल्या पार करून त्याला बाहेर काढायचं. स्वयंपाकघर, धोबीखाना, बाग, वाचनालय, अशा एकेक खोल्या. पिंपं सरकवायची, टोपलीत लपायचं, पहारेकऱ्याच्या पाठीमागून चवड्यांवर निघून जायचं. हसतखेळत डोकं चालवायचा गेम, रक्त नाही की बंदूक नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंना सहा आठवडे एकटीने जिने चढायचे-उतरायचे नाहीत असं बजावलं होतं. त्या आपल्या गावी दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, तेव्हा नवऱ्याने त्यांना सरळ आमच्याकडे आणलं. आतली खोली अरुंद, वॉकर फिरायचा नाही, म्हणून त्यांची कॉट हॉलमध्ये टाकली. माझं टेबल हॉलमध्येच, खिडकीशी. म्हणजे मी काम करत असले की सासूबाईंच्या डोळ्यांसमोर माझी पाठ आणि माझ्या खांद्यावरून दिसणारा छत्रीचोराचा तुरुंग.

पहिला आठवडा त्या काही बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "हा कोण?"

"पहारेकरी, आई."

"झोपलाय?"

"डुलकी घेतो. दर वीस सेकंदांनी. तेवढ्यात आपण मागून निसटायचं."

"आणि कोठडीची किल्ली?"

"ती काय, भिंतीवर. खिळ्याला."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावून नीट पाहिलं. "सूनबाई, रागावू नकोस. पण हा तुरुंग नाही, ही धर्मशाळा आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला एक वही दे."

वही दिली ही माझी चूक. दोन दिवसांत त्यांनी तीसच्या तीस खोल्या मला खेळायला लावल्या, स्वतः मागे बसून पाहिल्या, आणि वहीत वळणदार अक्षरात यादी तयार केली. वर मथळा : 'आढळलेल्या त्रुटी'. खाली क्रमांक. 'चार. किल्ली खिळ्यास टांगलेली आहे. टांगणाऱ्यास प्रथम निलंबित करणे.' 'नऊ. धुण्याची टोपली न तपासता बाहेर जाते. टोपलीत काठी घालून पाहणे.' 'सतरा. माळीकामास कात्री दिलेली आहे. कात्री मोजून देणे, मोजून घेणे.' 'बावीस. पहारेकरी कायम उजवीकडूनच वळतो. असे का?' एकूण त्रेचाळीस त्रुटी होत्या.

संध्याकाळी नवऱ्याने यादी वाचली आणि कपाळाला हात लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढून आल्यावर घरी पुन्हा सुटकेच्याच गप्पा चाललेल्या असायच्या. "लहानपणी आम्हा दोघा भावांचीही गिनती व्हायची," तो म्हणाला. "सकाळी एकदा, जेवताना एकदा, झोपताना एकदा. आम्ही दोघंच होतो. तरी मोजायची."

"एकदा एक कमी भरला होता," कॉटवरून आवाज आला. "गच्चीवर सापडला."

खरं सांगायचं तर त्या यादीने मला झपाटलं. एक मनुष्य आपलं काम इतक्या बारकाईने पाहतोय, हे सुख कोडी रचणाऱ्याला सहसा मिळत नाही. मी किल्ली भिंतीवरून काढून पहारेकऱ्याच्या कमरेला लावली. टोपल्या तपासायला लावल्या. डुलकी रद्द. पहारेकरी कधी डावीकडून, कधी उजवीकडून वळू लागला. एकेक त्रुटी दुरुस्त झाली की सासूबाई वहीत बरोबरची खूण करायच्या आणि मला मनातून शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्यांची आणि माझी इतकी गट्टी कधी जमली नव्हती. आधी आमचं बोलणं म्हणजे तब्येत, हवा आणि 'जेवलीस का?' एवढंच.

तीन आठवड्यांनी आम्ही अकरा जणांना गेम खेळून पाहायला दिला. ओळखीतलेच, पण तोंडदेखलं गोड न बोलणारे. चार दिवसांनी निकाल आला. अकरापैकी एकही जण नवव्या खोलीच्या पुढे गेला नव्हता. सात जणांनी मध्येच सोडून दिला. एकाने लिहिलं, 'छत्री परत करून माफी मागायची सोय आहे का?'

ठिपका घरी आली ती तणतणतच. सर मागून आले आणि दाराशी चपला काढून गप्प उभे राहिले.

"ताई, छत्रीचोराला आपण जन्मठेप दिली," ठिपका म्हणाली. "मी त्याचं हसणं काढलंय, बाहेर पडल्यावरचा नाच काढलाय. सव्वीस चित्रांचा नाच! बघणार कोण?"

"कुणीच सुटलं नाही?" कॉटवरून सासूबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, आजी."

"छान!" सासूबाई म्हणाल्या. "मग अडचण काय आहे?"

ठिपकाने माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे पाहिलं. मग सर म्हणाले, "गंमत गेली." त्या दिवसाचं ते त्यांचं पहिलंच वाक्य होतं. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

ती दोघं गेल्यावर मी टेबलाशी नुसती बसून राहिले. जुना गेम सोपा होता, मान्य. आता अवघड झाला होता, पण त्यात जीव नव्हता. पुन्हा डुलकी आणावी तर लाज वाटत होती, न आणावी तर गेम चालत नव्हता. इकडे आड तिकडे विहीर. सासूबाईंना ते कळलं असावं. त्यांनी वही मिटून उशीखाली ठेवली. "मी उगाच तोंड घातलं," म्हणाल्या. मी "नाही हो, आई" म्हणाले, पण जरा उशिराने म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आमची गाडी पुन्हा तब्येत आणि हवेवर आली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पळाल्या.

झालं असं की रोज दुपारी साडेतीनला माझी त्या दोघांबरोबर कॉम्प्युटरवर बैठक असते. हेडफोन लावून, खिडकीकडे तोंड करून मी पाऊण तास बोलत असते. त्या दिवशी सव्वाचारला हेडफोन काढले आणि मागे वळले. कॉट रिकामी. पांघरूण चारही कोपरे जुळवून घडी घातलेलं. वॉकर कॉटला टेकून उभा. न्हाणीघराचं दार लोटलेलं, आतून नळाचा बारीक आवाज. वॉकरशिवाय गेल्या, हट्टी आहेत, असं मनात म्हणून मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, निवत आला, तरी नळ चालूच. हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं तर आत कुणी नाही, नळ बोटाएवढ्या धारेने बादलीत सोडलेला.

घर ते केवढं, तीन खोल्या! पलंगाखालीसुद्धा पाहिलं, आता सांगायला हसू येतं. मग बाहेरच्या दाराकडे धावले. आमच्या दाराची कडी अशी किंचाळते की शेजाऱ्यांना आमचं जाणं-येणं कळतं. त्या दिवशी कडी काढलेलीच होती, आणि हलवून पाहिली तर आवाजच नाही. हाताला तेल लागलं. खोबरेल.

लिफ्टने खाली आले. खालच्या चार पायऱ्यांशी वॉचमन स्टुलावर बसला होता. "माझ्या सासूबाई..."

"गेल्या की मघाशी. मी हात दिला उतरायला. म्हणाल्या, सूनबाई मागून येतेय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आलातच ना!"

रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या बाजूला झाडाखाली एक बाक. बाकावर सासूबाई ताठ बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय पुढे पसरलेला, हातात काठीऐवजी माझी छत्री. समोर दुकानदार एका चाकाच्या तारा घट्ट करत होता आणि त्या ते लक्षपूर्वक पाहत होत्या.

"आई! अहो, सांगून तरी जायचं!"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मी धापा टाकत शेजारी बसले. रडू फुटेल की हसू, ते मलाच कळेना. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, जिने नाहीत म्हणून."

"एकटीने नाहीत म्हणून. मी लिफ्टने आले. खालच्या चार पायऱ्यांना वॉचमन होता." त्यांनी नजर चाकाकडे वळवली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं दिवसातून वीस वेळा विचारता, दुखतंय का, दुखतंय का. प्रेमाने विचारता, कळतं मला. पण मला अर्धा तास कुणी काही न विचारता बसायचं होतं. इतकंच."

मी दोन मिनिटं खरंच काही विचारलं नाही. मग राहवेना. "पण जमवलंत कसं?"

आता त्यांच्या चेहऱ्यावर अगदी बारीक हसू आलं. "तू साडेतीनला कानात ते घालतेस. घातलंस की पहिली दहा मिनिटं दोनदा मागे वळून बघतेस, मग बोलण्याच्या नादात बघत नाहीस. सव्वाचारला काढतेस आणि आधी चहा टाकतेस, मग मला शोधतेस. न्हाणीघरात नळ चालू असला की तू हाक मारत नाहीस, अवघडतेस. कडीला तेल मी परवाच लावलं. आणि वॉकर ठेवून आले, कारण वॉकर दिसला की तुला वाटतं मी घरातच आहे."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत!"

"पाच आठवडे कॉटवर पडून दुसरं करायचं काय? कैदीसुद्धा तेच करतात." दुकानदाराने चाक फिरवून पाहिलं, ते अजून डुगडुगत होतं. सासूबाईंनी मान हलवली. "कुलुपं कुणी फारशी बघत नाही, सूनबाई. कुलूप आज जसं तसंच उद्या. बघायचं असतं पहारेकऱ्याला. त्याला सवयी असतात."

"तुमच्या हातून कधी कुणी पळालं होतं का?"

हा प्रश्न मी सहा वर्षांत कधी विचारला नव्हता. नवऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं, पुढे कळलं की त्यालाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी छत्रीचं टोक जमिनीवर दोनदा टेकवलं.

"एक," त्या म्हणाल्या. "माझ्या नोकरीचा तिसरा महिना. चोवीस वर्षांची होते मी."

त्यांनी जे सांगितलं ते असं. तुरुंगात शिवणखातं होतं. तिथल्या बायका चादरी, पडदे शिवायच्या आणि शिपायांचे गणवेशही तिथेच शिवले जायचे. त्यात एक शिंपीण होती, चाळिशीची, शांत, हाताने वेगवान. चोरीच्या गुन्ह्यात आली होती, शिक्षेची दोनेक वर्षं उरलेली. गणवेशाचं कापड मापून दिलं जायचं, पण बेतताना चिंध्या पडतातच. आठ महिने ती बोटभर रुंदीच्या पट्ट्यासुद्धा राखून ठेवत होती. त्या पट्ट्या जोडून जोडून तिने एक जादा गणवेश शिवला.

"जोड दिसत नव्हते?"

"नंतर मी तो हातात घेऊन पाहिला ना. एकूण एकशे बारा तुकडे होते. बाहेरून एक दिसत नव्हता. कॉलर तर आमच्या कॉलरपेक्षा सरळ होती."

एका दुपारी सहा बायका पडद्यांचे गठ्ठे घेऊन आतल्या फाटकातून कचेरीच्या इमारतीकडे निघाल्या. बरोबर एकटी नवी शिपाई, म्हणजे सासूबाई. आतलं फाटक लावून त्यांनी कुलूप घातलं. कुलूप घातल्यावर ते ओढून बघायची त्यांची सवय होती. एकदा नाही, तीनदा. नवी नोकरी, मनात धाकधूक. आणि ते तीनदा ओढेपर्यंत त्यांची पाठ बायकांकडे असायची. तेवढ्या वेळात शिंपिणीने आपला गठ्ठा पुढच्या दोघींच्या हातांवर वाटून दिला, वरचा सदरा काढून पडद्यांत सारला, आणि ती कोपऱ्यावरून वळली. आतून गणवेश घातलेलाच होता. दोनचा ठोका पडत होता, पाळी बदलत होती, चौदा शिपाई बायका बाहेरच्या फाटकातून घरी चालल्या होत्या. ती पंधरावी.

"फाटकावरच्या शिपायाने ओळखलं नाही?"

"तिने त्याला ओळखायला वेळच दिला नाही. जाता जाता म्हणाली, उद्या मला जरा उशीर होईल हं. तो म्हणाला, बरं बाई, साहेबांना सांगतो." सासूबाईंचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. "आणि त्याने सांगितलंसुद्धा! दुसऱ्या दिवशी, चौकशी चालू असताना, साहेबांना म्हणाला, सर, ती उशिरा येणार आहे."

सायकलवाला आमच्याकडे बघायला लागला. मी डोळे पुसले. मग विचारलं, "आणि तुम्ही?"

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "माझी बदली झाली धान्याच्या कोठारावर. सगळे म्हणायचे, पोरगी बावळट आहे. जेवणाच्या सुट्टीत मी पाणी प्यायला गेले की बोलणं थांबायचं. नोकरी सोडायचं ठरवलं होतं मी. अर्जही लिहिला होता."

"मग?"

"बाराव्या दिवशी ती सापडली. बहिणीच्या घरी. बहिणीचं बाळंतपण होतं, करायला दुसरं कुणी नव्हतं. ते उरकलं आणि ही अंगणात बसून राहिली होती. पोलीस आले तेव्हा पिशवी भरून तयार." त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "तिला परत आणलं त्या दिवशी मी तिच्याकडे गेले. खूप बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, बाई, माझं काय चुकलं? ती म्हणाली, तुम्ही कुलूप बघता आणि माणसं बघत नाही. मग म्हणाली, पण कुलूप ओढून बघता ते चांगलं आहे, ते सोडू नका, फक्त तोंड आमच्याकडे ठेवून मागे हात करून ओढा. आणि तिथल्या तिथे मला करून दाखवलं, कसं ओढायचं ते."

"तुम्हाला?"

"मला. अर्ज मी फाडला. पुढची तीस वर्षं मी कुलूप तसंच ओढलं, आणि नंतर लागलेल्या मुलींनाही तसंच शिकवलं. कुणाकडून शिकले ते मात्र सांगितलं नाही. तिची शिक्षा पुरी झाली तेव्हा फाटक उघडायची माझीच पाळी होती. ती म्हणाली, येते. मी म्हटलं, येऊ नका."

ऊन बाकावरून सरकलं होतं. मी त्यांना उठवलं, वॉचमनने पुन्हा हात दिला, आम्ही वर आलो. चहा गार झाला होता. तो आम्ही तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी हेडफोन काढून ठेवले, आवाज मोठा केला आणि सासूबाईंची खुर्ची शेजारी ओढली. त्यांच्या परवानगीने सगळी हकिगत सांगितली. ठिपका मध्येच ओरडत होती, "उद्या उशीर होईल! बाप रे!" सर शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पहारेकऱ्यांना स्वभाव द्यायचा." आणि लगेच, "सहा जण पुरतील." आणि त्यावर, "दोन आठवड्यांत होईल." ओळीने तीन वाक्यं! ठिपकाने टाळ्या वाजवल्या.

कुलुपं आम्ही ठेवली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दुरुस्त्या ठेवल्या. बदलले ते पहारेकरी. आता सासूबाई वहीत त्रुटी लिहीत नव्हत्या, माणसं लिहीत होत्या. बरोबर काम केलेली, कधीच निवृत्त झालेली माणसं. एक हवालदार असा की वाकडी घडी दिसली की ती मोडून पुन्हा घातल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. एक असा की कुणी शिंकलं की पडशावरचे उपाय सांगत बसतो. एकीला रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की आपलाच मुलगा आला वाटतं, आणि ती खिडकीशी जाते. छत्रीचोराला पुढे जायचं तर आधी एका कोपऱ्यात बसून बघावं लागे, हा माणूस कसा आहे ते. घडीवाल्यासाठी चादर वाकडी ठेवायची, शिंकेवाल्यासमोर मिरपुडीचं पिंप उघडायचं. सासूबाई एकेकाची नक्कल करून दाखवत आणि ठिपका भराभर रेखाटत असे.

एकाच बाबतीत त्या अडल्या. शेवटच्या खोलीआधीची खोली म्हणजे ती नवी शिपाई आणि तिचं कुलूप. ठिपकाने तिला तिरळी आणि वेंधळी काढली होती, बुटाच्या नाड्या सुटलेली. विनोदी होती, मलाही आवडली होती. सासूबाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे बदल, बाळा," त्या म्हणाल्या.

"का आजी? मस्त दिसतेय की."

"ती मूर्ख नव्हती. ती नवी होती."

दुसऱ्या दिवशी तिने नवं चित्र आणलं. कडक इस्त्रीचा गणवेश, घट्ट बांधलेले केस, ओठ आवळलेले, दोन्ही हातांनी कुलूप ओढणारी एक मुलगी. बघितल्यावर हसू यायचं, पण तिच्यावर नाही, तिच्याबरोबर. सासूबाईंनी वहीत बरोबरची खूण केली. आणि गणवेशाची खोली स्वतंत्र झाली : खेळणाऱ्याने प्रत्येक खोलीतून एक चिंधी गोळा करायची आणि शेवटी बसून ते तुकडे जोडायचे. ते कोडं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कोडं आहे, आणि ते मी रचलेलं नाही.

त्याच अकरा जणांना पुन्हा गेम दिला. नऊ जण बाहेर पडले. दहावा अजून खेळतोय म्हणाला. अकरावा तोच, माफी मागणारा. त्याने लिहिलं, 'तो घडीवाला हवालदार माझे वडीलच आहेत. तुम्ही त्यांना कुठे भेटलात?'

गेम बाहेर आला तोवर सासूबाई काठीवर आल्या होत्या. फार मोठं नाव झालं असं नाही, पण लोक खेळत होते, एकमेकांना सांगत होते, आणि ठिपकाच्या सव्वीस चित्रांचा नाच बऱ्याच जणांनी पाहिला. श्रेयनामावलीत नाव घालू का म्हणून विचारलं तर सासूबाई नको म्हणाल्या. "सरकारी नोकरी केलीय मी. पळून जायच्या कामात माझं नाव नको."

त्या गावी परत जायच्या आधी व्यायामाच्या डॉक्टरांकडे शेवटची फेरी होती. बाहेरच्या बाकांवर सात-आठ माणसं, कुणाचा खांदा, कुणाचा घोटा. सासूबाईंच्या शेजारी साठीच्या एक बाई हाताला पट्टा अडकवून बसल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर काहीतरी खेळत होत्या. मी डोकावले. छत्रीचोर! आमच्या ओळखीबाहेरचं माणूस समोर बसून आमचा गेम खेळताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सासूबाईंनीही पाहिलं. त्या सरळ बसल्या, नजर समोरच्या भिंतीवर, पण तिरक्या डोळ्याने मोबाईलच्या पडद्यावर. बाई नव्या शिपायाच्या खोलीत अडकल्या होत्या. छत्रीचोर पुढे जायचा, मुलगी वळायची, शिट्टी वाजायची. पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा झालं. बाई पुटपुटल्या, "ही कार्टी काही सोडत नाही बुवा."

सासूबाईंचा हात काठीवर घट्ट झाला. मला वाटलं, आता सांगतात. त्या बोलल्या नाहीत.

मग बाईंनी खेळणं थांबवलं आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्या नुसत्या बघत बसल्या. मुलगी कुलूप ओढतेय. एक, दोन, तीन. वळली. पुन्हा फेरी. पुन्हा कुलूप. "हां," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "घाबरलीय बिचारी. खात्री करून घेतेय." आणि तिसऱ्या ओढीची वाट न बघता अंगठ्याने छत्रीचोराला अलगद कोपऱ्यावरून वळवून नेलं. पडद्यावर वाजंत्री वाजली. बाईंनी आनंदाने शेजारी पाहिलं, कुणाला तरी सांगायला, आणि शेजारी सासूबाई होत्या.

"सुटला!" बाई म्हणाल्या.

"हो, पाहिलं मी," सासूबाई म्हणाल्या. "छान बघितलंत तुम्ही तिला."

आतून सासूबाईंचा नंबर पुकारला गेला. मी हात द्यायला पुढे झाले, पण त्या काठी टेकून आपल्या आपण उठल्या होत्या. आत व्यायामासाठी लाकडी पायऱ्या ठेवल्या होत्या, पाच चढायच्या आणि पाच उतरायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, आज न धरता." सासूबाई चढल्या. वरच्या पायरीवर क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग मोजत मोजत खाली उतरल्या.